बासष्ट शार्म

“बंद पाकीट हे कायम दुसऱ्या कुणाचं तरी असतं, आपण फक्त पोचवायचं,” असं मोरिसेत एकदा मला म्हणाली होती.

तेव्हा मी हसलो होतो. तिच्या स्वयंपाकघरातल्या फडताळावर वेताची एक टोपली होती आणि त्या टोपलीत तिच्याच नावाची पाकिटं साठली होती. विजेचं बिल, विम्याचा कागद, दवाखान्याची चिठ्ठी. एकही उघडलेलं नव्हतं. एकतीस वर्षं मोरिसेत पेरनोनं आमच्या सेर्नी गावात आणि रानापलीकडच्या अकरा वाड्यांत टपाल वाटलं होतं. कुणाच्या घरी कुठल्या रंगाचं पाकीट आलं की बाई दारातच खुर्चीवर बसते, हे तिला माहीत होतं. स्वतःचं टपाल मात्र ती घरात आणून टोपलीत टाकायची आणि तिचा नवरा लुसियां संध्याकाळी चष्मा लावून ते उघडायचा. लुसियांला जाऊन चार वर्षं झाली होती. टोपली तशीच भरत राहिली. ईस्टरला मुलगी नांतहून यायची, टोपली रिकामी करायची, आईला ओरडायची आणि परत जायची.

मी या गावचा बेकर होतो. आता भट्टी बंद आहे, पाठ गेली आहे, पण मोरिसेत मला अजून पाववाल्या म्हणूनच हाक मारते. गुरुवारी आणि शनिवारी आम्ही सायकलवर निघायचो. तिची सायकल जाड टायरची, वाकड्या हँडलची, खडीमातीवर चालणारी. शहरातले लोक तिला ग्रॅव्हल म्हणतात आणि ती चालवायला वेगळे कपडे घालतात.

“एकतीस वर्षं मी हेच करत होते,” ती म्हणायची, “फरक इतकाच की तेव्हा पगार मिळायचा आणि ढुंगण झाकलेलं असायचं.”

चर्चपासून निघून आम्ही धुण्याच्या हौदावरून उतरायचो, ओढा पार करायचो आणि रानात शिरायचो. तिथून आर्वोपर्यंत जुनी मिठाची वाट जाते. चौदा किलोमीटर. कधीकाळी या वाटेनं खेचरं मीठ न्यायची, पुढं लाकडाच्या गाड्या गेल्या, मग नुसती मोरिसेत जात राहिली. वाटेवरचा प्रत्येक खड्डा तिला ठाऊक होता. कुठं चाक सैल सोडायचं, कुठं पानांखाली चिखल लपलाय, कुठं रानडुकरांनी रात्रीत कडा उकरलीय, हे ती मागे न वळता ओरडून सांगायची. शेवटी आर्वोची तटबंदी दिसायची, वेशीखालचे दगड दातांपर्यंत हादरे द्यायचे आणि कमानीखाली आम्ही कॉफी प्यायचो. परत येताना ती गप्प असायची. मीही.

वाटेच्या मध्यावर शार्मची रांग होती.

शार्म हे देखणं झाड नव्हे. खोड राखाडी, पिळलेलं, कष्टकरी माणसाच्या दंडासारखं. जळण म्हणून मात्र त्याच्या तोडीचं लाकूड नाही. माझ्या भट्टीनं आयुष्यभर तेच खाल्लं. त्या रांगेत डावीकडे तेहेतीस झाडं होती आणि उजवीकडे एकोणतीस. वर फांद्या एकमेकींत अशा गुंतलेल्या की खाली भर पावसातही वाट कोरडी राहायची. टपाल वाटायच्या काळात पाऊस आला की मोरिसेत तिथं थांबायची, पिशवी उघडायची, ओली पत्रं पुसायची, पावाचा तुकडा खायची. “माझं ऑफिस,” ती म्हणायची. निवृत्त झाल्यावर तिनं दर मे महिन्यात सायकलवाल्यांची फेरी सुरू केली. पहिल्या वर्षी अकरा जण आले, गेल्या वर्षी तीनशे. लियोंहून, दिजोंहून, एक जोडपं तर बेल्जियमहून. त्यांना आमचं सॉसेज आवडायचं, आर्वोची वेस आवडायची, पण फोटो सगळे रांगेचेच असायचे. हिरव्या बोगद्यातून लांबवर जाणारा एकेक सायकलस्वार.

त्या रांगेला तीस वर्षांतून एकदा धोका होता. रान गावाचं आहे. त्याचे तीस पट्टे पाडलेले आहेत आणि दर वर्षी एका पट्ट्यातलं जळण गावाला मिळतं. घरामागे नव्हे, चुलीमागे एक वाटा. ज्या घरात चूल पेटते त्या घराला. आमच्या एकेचाळीस चुली. चिठ्ठ्या टाकून वाटे ठरतात, ज्याचा त्यानं आपला वाटा तोडून आणायचा. आणि गावात तीन जामीन असतात. कुणी नको ते झाड तोडलं तर जंगलखातं आधी जामिनांना धरतं, त्यांच्या घरादारासकट. यंदा चौदावा पट्टा येणार होता. रांग चौदाव्या पट्ट्यात होती. म्हणून तर मोरिसेत वीस वर्षांपूर्वी जामीन झाली होती आणि गेली सहा वर्षं थोरली जामीन होती. दुसरा आन्सेल्म, तिचा शेजारी, करवतीचा आणि तोंडाचाही बळकट. तिसरा उन्हाळ्यात वारला, त्याची जागा कुणी भरली नाही.

“चौदावा पट्टा निघून जाऊ दे,” ती म्हणायची, “मग रांगेला पुन्हा तीस वर्षं कुणी हात लावणार नाही. तोवर मी नसेन, पण ते काही तिला कळणार नाही.”

आता जे लिहायचं आहे ते मला अजून नीट समजलेलं नाही. घडलं ते सगळं ओळीनं सांगता येतं. प्रत्येक गोष्टीमागून पुढची गोष्ट निघते, कुठंही फट नाही. तरी सगळं मिळून जे होतं ते माझ्या हाती लागत नाही.

आमच्या रानात कायमची रीत अशी होती: ज्या झाडाच्या खोडावर जंगलखात्यानं निळ्या रंगाचा पट्टा मारला ते राखायचं. उरलेलं तोडायचं. आमच्या आज्यांनी हेच केलं, आम्ही हेच केलं. यंदा जंगलखात्याची नवी अधिकारी आली. सोलेन, सत्तावीस वर्षांची, ब्रेतान्यच्या समुद्राकाठची. नोकरीचं पहिलंच वर्ष, अजून कायमही झाली नव्हती. लागोपाठ तीन कोरड्या उन्हाळ्यांनी रानातली बरीच झाडं आतून वाळली होती. काय राखायचं यापेक्षा काय काढायचं तेच नेमकं सांगायला हवं, म्हणून तिनं रीत उलटी केली. निळा पट्टा म्हणजे तोड. बाकी सगळं राखण. ऑक्टोबरात तिनं थोरल्या जामिनाला तसं पत्र पाठवलं, सोबत नकाशाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी मेयरच्या कचेरीत चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. मोरिसेत नव्हती. त्याच दिवशी आर्वोत मे महिन्याच्या फेरीच्या परवानगीची बैठक होती आणि तिथं तिला जावंच लागलं. आन्सेल्मनं आपली टोपी काढली, तीत चिठ्ठ्या टाकल्या. त्याआधी सोलेन उभी राहिली आणि तिनं नवी रीत दोनदा सांगितली.

“म्हणजे निळं ते आडवं,” आन्सेल्म म्हणाला.

“निळं ते आडवं,” ती म्हणाली.

“मादाम, चाळीस वर्षं उजव्या हातानं जेवतोय. आता डाव्या हातानं जेवा म्हणता.”

“जेवण तेच आहे, मस्यू आन्सेल्म.”

सगळे हसले. मला अकरावा वाटा आला. पाठीमुळे माझा वाटा आन्सेल्मच तोडतो, मी त्याला वर्षभर पाव आणि दर नाताळला एक मोठा केक देतो.

कचेरीत त्या दिवशी एकोणचाळीस चुलींची माणसं होती. त्यातल्या एकानंही मोरिसेतला नवी रीत सांगितली नाही. मीही नाही. का, याचा मी फार विचार केला आहे आणि उत्तर इतकं साधं आहे की लाज वाटते. एक म्हणजे, पत्र तिलाच आलं होतं. आणि दुसरं म्हणजे, आमच्या गावात टपालवालीला बातमी कुणी सांगत नाही. बातमी तीच आणते. एकतीस वर्षं मरण, लग्न, खटला, परीक्षेचा निकाल, सगळं आधी तिच्या पिशवीत यायचं आणि मग आमच्या घरात. तिला काही माहीत नसेल ही शक्यता आमच्या कुणाच्या डोक्यात जन्मालाच आली नाही.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं चौदाव्या पट्ट्यातून गेलो. थंडी होती, वाट कडक झाली होती, टायरखाली गोठलेली पानं काचेसारखी मोडत होती. मोरिसेत एकाएकी थांबली. आजूबाजूच्या झाडांवर निळे पट्टे होते, आणि पट्टे होते ते सगळे वेड्यावाकड्या, खोड किडलेल्या, शेंडा वाळलेल्या झाडांवर.

“बघितलंस?” ती म्हणाली. “ही पोरगी समुद्राकाठची. वाऱ्यानं वाकलेलीच झाडं बघत वाढली असणार. सगळी लुळीपांगळी राखलीत आणि सरळसोट ती मारायला काढलीत!”

मी मोठ्यानं हसलो. मला वाटलं, ही नव्या रितीची टर उडवतेय. आन्सेल्मनं कचेरीत उडवली तशी.

“हसतोस काय, पाववाल्या?”

“तुझं बरोबर आहे,” मी म्हणालो.

तुझं बरोबर आहे. हे माझे शब्द आहेत. त्या क्षणी मी एक वाक्य बोललो असतो, कुठलंही, “आता निळं म्हणजे आडवं ना,” एवढंच, तर ती रांग आज उभी असती. मी सायकल पुढे काढली.

रांगेपाशी ती पुन्हा थांबली. सोलेननं तिथं एकाही झाडाला रंग लावला नव्हता. बासष्टच्या बासष्ट खोडं कोरी, राखाडी. मोरिसेतनं एका खोडावर हात ठेवला. मी तिचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, थंडीनं असेल.

“फोन कर की तिला,” मी म्हणालो. मला वाटत होतं, तिला वाकड्या झाडांबद्दल काही बोलायचं असेल.

“फोनवर भांडत नाहीत. भांडायचं तोंडावर. मुलीचं बाळंतपण उरकून येते, मग बघते तिच्याकडे. रांगेचं मात्र मी आत्ताच करून जाते.”

रांगेचं करून जाते. मला वाटलं, ती मेयरला सांगेल.

चार दिवसांनी ती नांतच्या गाडीला बसली. स्टेशनवर मीच सोडलं तिला. निघताना तिनं हात हलवला. तिचे सायकलचे हातमोजे होते हातात, बोटं उघडी राहणारे, आणि उजव्या हातमोज्याच्या तळव्यावर निळा डाग होता. मी तो पाहिला. नांतला मुलीच्या घरी कुठली तरी खोली रंगवायची असेल, इतकं माझं डोकं चाललं. खोली रंगवायला माणूस गेल्यावर हातमोजे रंगतात, आधी नव्हे, हे मला सुचलं नाही.

जानेवारीत आन्सेल्मचा ट्रॅक्टर तीन वेळा माझ्या अंगणात आला.

“तुझ्या वाट्याला शार्म निघालाय,” तो म्हणाला, “नुसता शार्म! भट्टी बंद केलीस आणि आता देव तुला शार्म देतोय. म्हातारपणी कवळी आली आणि मग अक्रोड मिळाले, तसं.”

आम्ही दोघांनी ते ओंडके भिंतीलगत रचले. ओला शार्म दोन वर्षं वाळवावा लागतो. कापलेली तोंडं पांढरी, हस्तिदंतासारखी. काही ओंडक्यांच्या सालीवर निळा पट्टा होता. मी ते पट्टे बाहेरच्या बाजूला येतील असे रचले. नीटनेटकं दिसतं म्हणून. रोज सकाळी खिडकीतून मी ती रास बघायचो आणि मला बरं वाटायचं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मोरिसेत परत आली. नातू झाला होता, चार किलोचा. तिनं सगळ्यांना फोटो दाखवला. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि ती सायकल घेऊन माझ्या फाटकात उभी राहिली. अंगणातली रास तिला फाटकातून दिसत नव्हती. ती गाडीच्या शेडमागे होती.

“चल. दोन महिने मुलीच्या घरातला लोण्याचा स्वयंपाक खाल्लाय. हाडं मोकळी करू.”

ओढा पार झाला. रानात शिरलो. ती पुढे, मी मागे. ती वाटेची खबर देत होती: डावीकडे दगड, पुढे पाणी, फांदी. मग एक वळण आलं आणि ती बोलायची थांबली.

मला आधी कळलंच नाही काय बदललं. उजेड जास्त होता. इतका उजेड त्या जागी कधीच नसायचा. मग मी वर पाहिलं आणि तिथं आभाळ होतं. मोठं, पांढरं, काहीच नसलेलं आभाळ, जिथं कधीच आभाळ नव्हतं. खाली दोन्ही बाजूंना ठोकळे. गुडघ्याइतके बुंधे, ताजे, ओळीनं. डावीकडे तेहेतीस. मी मोजले नाहीत, पण ते तेहेतीसच असणार. उजवीकडे एकोणतीस. वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकांचे हातभर खोल चर, त्यांत साचलेलं पाणी, त्या पाण्यात तेच आभाळ.

मोरिसेत सायकलवरून उतरली नाही. एक पाय जमिनीला टेकून तशीच उभी राहिली. मी तिला हाक मारली. तिनं ऐकलं नाही. मला मूर्खासारखं वाटत होतं की आपण वाट चुकलो, ही दुसरीच वाट आहे, मागे फिरलं की खरी सापडेल.

“पट्टे मारले होते मी,” ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “बासष्ट. एकेकाला. कचेरीच्या शेडमधला खात्याच्या रंगाचा डबा नेला होता. दोन दिवस लागले.”

मी तिच्याकडे पाहिलं. हातमोजा. वाकडी झाडं. माझं हसणं. माझ्या अंगणातली रास. हे सगळं एकाच वेळी माझ्यावर येऊन पडलं. मी सायकल चिखलात आडवी टाकली.

“मोरिसेत,” मी म्हणालो, “यंदा निळं म्हणजे तोड होतं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी फ्रेंच सोडून दुसऱ्याच भाषेत बोललो असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

“काय होतं?”

“रीत बदलली. सोलेननं चिठ्ठ्यांच्या दिवशी सांगितलं. ज्याला पट्टा ते तोडायचं. रांगेला तिनं रंग लावला नाही तो… तो राखायची म्हणून.”

ट्रॅक्टरचा आवाज आला. आन्सेल्म आपल्या वाट्यातल्या राहिलेल्या फांद्या न्यायला आला होता. आम्हाला बघून त्यानं इंजिन बंद केलं, टोपी मागे सरकवली.

“आलीस का गं! नातवाचं वजन ऐकलं, मेयर शापोतोचं वासरू पण एवढं नव्हतं.” मग त्याचा आवाज खाली आला. “काय झालं?”

“का तोडलीस?” मोरिसेतनं विचारलं.

“का म्हणजे? तूच तर रंगवलीस. मी बघितलं ना तुला. डबा घेऊन, स्कार्फ बांधून, चर्चला निघालेल्या बाईसारखी. तुला हाक मारणार होतो, पण म्हटलं कामात आहे.”

“आणि तुला वाटलं काय? मी रांग मारायला काढलीय?”

“मला वाटलं, सायकलवाल्यांना रुंद रस्ता हवा असेल!” आन्सेल्म जवळजवळ ओरडला. “तीनशे लोक येतात तुझे. मला वाटलं, आर्वोच्या बैठकीत ठरलं असेल. घरी जाऊन बायकोला म्हटलंसुद्धा, बघ, मोरिसेतचं काळीज दगडाचं, स्वतःच्या हातानं रंगवतेय. अगं, तू थोरली जामीन. पत्र तुला आलं. तुझ्या पट्ट्याला मी का म्हणून विचारणार?”

“कुठलं पत्र?” ती म्हणाली.

 ओढ्याच्या बाजूला कुठला तरी पक्षी एकसारखा ओरडत होता. आन्सेल्मनं टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला, मयत असेल त्या घरात उभं राहतात तसा.

घरी आल्यावर मोरिसेतनं टोपली टेबलावर पालथी केली. मी समोर बसलो होतो. तिनं ती सगळी पाकिटं टपालखान्यात लावायची तशी लावली, मोठी खाली, लहान वर, शिक्के एका बाजूला. तिचे हात आपोआप चालत होते. ऑक्टोबरच्या सतरा तारखेचा शिक्का असलेलं एक जाड पाकीट होतं, जंगलखात्याचं. पत्ता हातानं लिहिलेला, गोल अक्षरात: मादाम पेरनो, थोरल्या जामीन, सेर्नी.

“उघड,” मी म्हणालो.

तिनं ते हातावर ठेवून जोखलं. वजनावरूनच सांगायची ती, कुठल्या पत्रात काय आहे.

“नकाशा आहे आत,” ती म्हणाली. “चार घड्यांचा.”

“उघड ना.”

“आता?” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला तिच्या डोळ्यांत बघवलं नाही. “आता उघडून ते उभं राहणार आहे का?”

तिनं पाकीट जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवलं. तसंच. बंद.

शनिवारी मेयरच्या कचेरीत गावसभा झाली. जंगलखात्याच्या वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितला होता. रांग राखीव होती, ती कुणाच्या चुकीनं गेली ते गावानं कळवायचं होतं. मेयर रेजिस शापोतो चांगला माणूस आहे. गुरं पाळतो, कुणाशी वैर नाही. तो सगळ्यांच्या आधी आला होता, खुर्च्या त्यानंच मांडल्या होत्या. सोलेन पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर वही घट्ट धरून. रात्रभर झोपली नसावी. मोरिसेत मागे, दाराजवळ, सायकलच्या कपड्यांतच.

“मी त्या झाडांना हात लावला नव्हता,” सोलेन म्हणाली. तिनं वही उघडून दाखवली. “इथं लिहिलंय. रांग: रंग नाही. मी पत्रातही लिहिलं होतं.”

“रंग तुमचाच आहे, मादाम,” मेयर हळू आवाजात म्हणाला. “तुमच्या खात्याचा निळा. आम्ही सगळ्यांनी पाहिला.”

“मग मी वेडी झालेय का? मी तिथून चालत गेले, एकेका झाडाखालून. मला आठवतंय, मला तिथं…” ती थांबली. “मला आठवतंय.”

“नवीन माणसाचं होतं असं. दिवस लहान, पट्टा मोठा.”

“आणि पत्र?”

“कुठलं पत्र?” मेयरनं सभेकडे पाहिलं. “कुणाला पत्र आलं?”

मोरिसेतनं तोंड उघडण्याआधीच आन्सेल्म उठला. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. खोटं बोलताना तो छाती पुढे काढतो.

“नाही आलं. आलं असतं तर मोरिसेतनं सांगितलं नसतं का? टपालवाली आहे ती! तिच्या हातून गेल्या एकतीस वर्षांत एक पत्र हरवलेलं दाखवा.”

“एकही नाही,” मागून कुणीतरी म्हणालं.

“एकही नाही.”

मेयरनं खुलासा वाचून दाखवला. छोटा होता. लेखी सूचना गावाला मिळाली नाही. राखीव रांगेवर खात्याच्या रंगाचे पट्टे होते. गावकऱ्यांनी, तोंडी मिळालेल्या सूचनेप्रमाणे, तोड केली. त्यातलं शेवटचं वाक्य खरं होतं.

“ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावा.”

मला जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. कुणी कुणाकडे पाहिलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. आधी ठरलं होतं असंही नाही. त्या खोलीतल्या प्रत्येक गावकऱ्याला माहीत होतं की ब्रश कुणाच्या हातात होता. आन्सेल्मच्या बायकोनं एका दिवसात गावभर केलं होतं. आणि तरी हात वर जात होते. एकेक, शांतपणे, प्रार्थनेला उभं राहावं तसे. पोस्टाच्या पेटीसमोर राहणाऱ्या म्हातारीचा. तीन पोरांच्या आईचा. ज्यांची पत्रं तिनं पावसात त्या झाडांखाली पुसली होती त्या सगळ्यांचे. ते तिला वाचवत होते. त्यांच्या चेहऱ्यांवर माया होती, आणि त्या मायेनं ते एका पोरीची नोकरी, तिची स्वतःच्या डोळ्यांवरची खात्री, तिची वही, सगळं आडवं करत होते.

सोलेन वळून बघत होती. हातांचं रान तिच्यासमोर उभं राहत होतं आणि तिला ते समजत नव्हतं. तिचे ओठ हलले. तिनं खाली आपल्या वहीकडे पाहिलं, जणू तिथं लिहिलेलं आता पुसलं गेलं असेल.

मग मला कळलं की माझ्या खांद्यात कळ येतेय. माझाही हात वर होता. केव्हा गेला ते मला माहीत नाही. मी तो खाली घ्यायला हवा होता. मी तो खाली घेतला नाही.

“एकमतानं,” मेयर म्हणाला आणि त्यानं पेनचं टोपण काढलं.

मागे खुर्ची सरकली.

मोरिसेत मधल्या जागेतून पुढे आली. सायकलचे बूट लाकडी फरशीवर टक टक वाजत होते. आन्सेल्मनं तिच्या बाहीला हात लावला, “मोरिसेत, बस, अगं बस ना,” तिनं हात सोडवून घेतला. सोलेनसमोर ती थांबली. जॅकेटची चेन खाली ओढली, आतून पाकीट काढलं. खिशात वाकल्यामुळे त्याच्या कडा थोड्या मुडपल्या होत्या. तिनं त्या अंगठ्यानं सरळ केल्या. मग ते सोलेनच्या उघड्या वहीवर ठेवलं, पत्ता वर करून, शिक्का उजवीकडे, ज्याला ते वाचायचं त्याला सुलट दिसेल असं. उजवा हातमोजा काढून तिनं त्यावर ठेवला. तळवा वर. निळा.

सोलेननं पाकिटाकडे पाहिलं. स्वतःचं अक्षर ओळखलं. ते चिकटवलेलं तसंच होतं. तिनं वर पाहिलं, तोपर्यंत मोरिसेत वळली होती.

हात अजून वर होते. कुणाला ते खाली घ्यायचं सुचलं नाही. त्या सगळ्या वर गेलेल्या हातांच्या दोन रांगांमधून ती दारापर्यंत गेली, दार उघडलं आणि बाहेर पडली.